दीर्घिका की आकाशगंगा?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचा प्रश्न आलाय. मुलीनं विज्ञानाच्या वहीत ‘विश्वात कोट्यवधी आकाशगंगा आहेत’ असं लिहिलं. बाईंनी ‘आकाशगंगा’वर लाल रेघ मारून वर ‘दीर्घिका’ लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. ‘पेपरात तर रोज आकाशगंगाच छापतात. पोरगी रडालीय ओ. चूक कुणाची?’

अर्धा मार्क कापायला नको होता. शब्दाच्या बाबतीत मात्र मी बाईंच्या बाजूचा.

आकाशगंगा हे मुळात आभाळातल्या त्या पांढुरक्या पट्ट्याचं नाव. शहरातल्या दिव्यांत तो हरवतो, पण मे महिन्यात रात्री उशिरा रानात बाज टाकून पडलं, की दक्षिणेला वृश्चिकाच्या नांगीपाशी चांगला दाट दिसतो. तुमच्या शेजारच्या एखाद्या तेलुगू आजीला विचारा, ती त्याला ‘पालपुंत’ म्हणेल. पाल म्हणजे दूध, पुंत म्हणजे वाट. इंग्रजीतलं मिल्की वे तेच, आणि गॅलॅक्सी या शब्दाच्या पोटातही ग्रीक दूधच आहे. आपण तेवढे दूध सोडून पाण्याकडे गेलो.

हा पट्टा म्हणजे आपण ज्यात राहतो तो ताऱ्यांचा चपटा पसारा, आतून पाहिलेला. रुंदी साधारण एक लाख प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष). असे पसारे, म्हणजेच दीर्घिका, आणखीही आहेत, हे पक्कं ठरायला 1925 साल उजाडावं लागलं. तोवर देवयानी तारकासमूहातला एक धूसर ठिपका तेजोमेघच, म्हणजे वायू-धुळीचा ढगच, समजला जाई. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञानं त्यात रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे, तारे ओळखले, त्यांवरून अंतर काढलं आणि तो आपल्या पसाऱ्याच्या कितीतरी बाहेर निघाला. आजच्या मापानं पंचवीस लाख प्रकाशवर्षं. म्हणजे अनेकवचनाची गरजच जेमतेम शंभर वर्षांची.

आता कुणी म्हणेल, इंग्रजीनं एका पट्ट्याचं नाव सगळ्या जातीला दिलं, मग मराठीनं दिलं तर काय बिघडलं? गंगेचं तर आपण सामान्यनाम कधीच करून टाकलंय. मराठवाड्यात गोदावरीला सरळ ‘गंगा’च म्हणतात. मुद्दा बिनतोड वाटतो. पण मग बातमीचा मथळा वाचा : ‘आकाशगंगेत सापडला नवा तारकागुच्छ’. कुठल्या? आपल्या की परक्या? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. इंग्रजीत निदान मिल्की वे आणि गॅलॅक्सी असे दोन शब्द हाताशी आहेत. आपल्याकडेही दोन आहेत, मग एकाला माळ्यावर का टाकायचं? चंद्रभागा म्हटलं की पंढरपूरच डोळ्यांपुढे येतं, भीमेचा सगळा प्रवाह नाही. तसं आकाशगंगा म्हटलं की आपलंच घर यावं.

हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी चालतं. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांना जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक जुनी सर्पिल दीर्घिका सापडली, विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं असतानाची. तिचं नाव त्यांनी अलकनंदा ठेवलं, हिमालयातल्या मंदाकिनी नदीची बहीण म्हणून. मला ते नाव फार आवडलं.

आणि दीर्घिका? हा शब्द वहीत रुक्ष वाटतो खरा, पण संस्कृतात त्याचा अर्थ लांबट तळं, पुष्करिणी. बंगालीत मोठ्या तळ्याला अजून ‘दिघी’ म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज. नदीपेक्षा तळं इथं जास्त चपखल बसतं, असं माझं मत. विश्व प्रसरण पावतंय म्हणजे काय, याचा घोळ त्यानं सुटतो. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव डोळ्यांपुढे आणा. समजा, दोन्ही आहेत तेवढेच राहतात, मधली जमीन तेवढी ताणली जाते. दीर्घिकेतले तारे गुरुत्वाकर्षणानं बांधलेले, तळ्यातलं पाणी बांधानं धरावं तसे, म्हणून ती स्वतः फुगत नाही. अंतर वाढतं ते दूरदूरच्या तळ्यांमधलं : दर दहा लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे एकवीस-बावीस किलोमीटर. अगदी शेजारच्यांना हा नियम लागत नाही. देवयानीतली ती दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय.

लिहिताना एवढंच पाहा : दोन्ही शब्दांचं एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसतं, शाळा-शाळा सारखं. फरक क्रियापदात आणि विभक्तीत कळतो. ‘दीर्घिकेत’ एकीत, ‘दीर्घिकांत’ अनेकींत. ‘आकाशगंगांमध्ये’ हे रूप कानाला खटकलं, तर कान शाबूत आहे असं समजा.

1998 साली कळलं की हे प्रसरण मंदावण्याऐवजी वेगच घेतंय. ते असंच चालू राहिलं, तर दहाएक हजार कोटी वर्षांनी आपल्या आसपासच्या दीर्घिका मिसळून एकच उरेल आणि बाकीच्या कुठल्याच दुर्बिणीला दिसणार नाहीत. तेव्हा मुलीनं आकाशगंगा लिहिलं, तर बाईंना पूर्ण मार्क द्यावे लागतील.