शिरेतून चरबी देतात ती कशासाठी? त्यात धोका असतो का?

रुग्णालयात सलाईनसारखी टांगलेली दुधासारखी पांढरी बाटली दिसते, ती म्हणजे बहुधा सोयाबीन तेलाचं इमल्शन, म्हणजे तेल आणि पाण्याचं एकजीव मिश्रण. नुसतं तेल रक्तात सोडलं तर रक्तवाहिनी तुंबेल. म्हणून अंड्याच्या बलकातल्या फॉस्फोलिपिडने (तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या घटकाने) त्याचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात धरून ठेवलेले असतात. १९६२ मध्ये स्वीडनमध्ये आलेलं इंट्रालिपिड हे यातलं जुनं नाव.

मुख्य उपयोग पोषणाचा. आतडं काम करत नसेल तर थोड्या द्रवात भरपूर ऊर्जा मिळते, २० टक्के इमल्शनच्या १ मिलीत सुमारे २ कॅलरी. शिवाय शरीराला स्वतः बनवता न येणारी मेदाम्लंही मिळतात.

दुसरा उपयोग मला जास्त भन्नाट वाटतो. बधिरीकरणाचं ब्युपिव्हकेन चुकून रक्तात जास्त गेलं, की झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. तेव्हा हेच इमल्शन उतारा म्हणून वेगाने देतात. ते औषधाला हृदयापासून दूर ओढतं, असं ढोबळमानाने समजा.

धोके आहेतच. फार वेगाने दिलं तर रक्तात चरबी साठते. रक्ताचा नमुना यंत्रात गरगर फिरवला की वरचा द्रव पांढरट दिसतो आणि काही तपासण्याही चुकतात. म्हणून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मोजत राहतात. महिनोन्महिने दिलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, विशेषतः तान्ह्या बाळांत. जंतूही यात झपाट्याने वाढतात, त्यामुळे उघडलेली बाटली फार वेळ टांगून ठेवत नाहीत.

अंडं किंवा सोयाबीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.