दप्तरांआधी ताईचं मानधन

प्रिय मैत्रिणी,

कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने सामाजिक कामासाठी करायच्या खर्चातून, आई-मुलांच्या वाचनगटांचं काम तुझ्याकडे आलंय आणि कंपनीने गावं बीड जिल्ह्यातली निवडली आहेत. मग बजेटच्याही आधी ऊसतोडीचा हंगाम समोर ठेव.

होतं असं की कंपनीच्या सीएसआर समितीची मंजुरी ऑगस्टमध्ये मिळते, काम करणाऱ्या संस्थेशी करार सप्टेंबरमध्ये होतो आणि पहिला हप्ता दिवाळीच्या सुमारास पडतो. नेमक्या त्याच वेळी आगाऊ उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. पट कागदावर भरलेला राहतो आणि हजेरीला कुणी नसतं. मार्च आला की शिल्लक रकमेची दप्तरं वाटून फोटो काढले जातात.

म्हणून पहिल्याच ठरावात हा ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’, म्हणजे अनेक वर्षं चालणारा प्रकल्प, म्हणून मंजूर करून घे. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं मिळतात. 31 मार्चला उरलेले पैसे 30 दिवसांत कंपनीच्या वेगळ्या अखर्चित सीएसआर खात्यात टाकायचे आणि तिथून पुढच्या तीन वर्षांत वापरायचे. तसा ठराव नसेल तर तीच रक्कम सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या एखाद्या निधीत भरावी लागते. मार्चमधली दप्तरं या धास्तीतून येतात.

गावातले गट जून ते दसरा चालव, पुन्हा एप्रिल-मेमध्ये. मधल्या काळात मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात, तेव्हा गट आजींचा. आजीला वाचता येत नसलं तरी चालतं. तिने गोष्ट सांगायची, मुलाने त्यातले शब्द लिहायचे. फडावर आईचा वर्ग घ्यायच्या फंदात पडू नकोस. ती पहाटेच्या आधी उठते, दिवसभर मोळ्या बांधते, गाडी रात्री कधी भरायला येईल याचा नेम नसतो.

आता पैशांचं. गावात फिरणारी ताई हाच या कामाचा कणा आहे आणि कात्री नेमकी तिच्या मानधनाला लागते. वित्त विभाग म्हणेल, ‘प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे.’ आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला. प्रत्यक्ष गट घेणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. दुसरी अडचण हप्त्यांची: आधीचे पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र टेबलावर अडकतं, मानधन दोन महिने थकतं आणि ताई खुरपायला जाते. तिला तरी दोष कसा द्यायचा? एक तिमाही आगाऊ द्यायची अट करारातच घाल. करारापूर्वी संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांकही, म्हणजे सीएसआरचं काम घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी, तपासून घे.

एका गटात 12 ते 15 आया, आठवड्यातून दोनदा दीड तास. एका ताईकडे पाच गट, सहावा दिला की घरभेटी बंद पडतात. वेळ बायकांनीच ठरवावी, बहुधा जेवणं उरकल्यावरची येते. पहिला अर्धा तास फक्त आयांचा, मग मुलं येतात आणि शेवटची वीस मिनिटं दोघांनी मिळून एक पुस्तक. ही वीस मिनिटं गेली तर उरते ती शिकवणी.

‘साक्षरता वर्ग’ असा फलक लावू नकोस. सातवी शिकलेली येत नाही आणि अंगठा देणारी लाजते. ‘मुलांचा अभ्यास’ म्हटलं की दोघी येतात. आयांना वाचायला रेशनकार्ड, पासबुक, एसटीची पाटी आणि बचत गटाची वही दे. ज्यांना पुढे जायचंय त्यांची सरकारच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेत नोंदणी कर, तिथल्या परीक्षेत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50 गुणांचं असतं. मात्र ते प्रमाणपत्र सरकारी योजनेचं, कंपनीच्या अहवालात आपलं यश म्हणून मोजू नये.

पुस्तकं गटामागे 40 पुरतात: 20 वेगवेगळी, प्रत्येकाच्या दोन प्रती. पानावर दोन-चार ओळी, अक्षर ठसठशीत. घरी न्यायची मुभा हवी, हरवलं तर दंड नको. दरवर्षी दहावा भाग नव्याने घ्यायचा खर्च आधीच धर. दंड लावला की पेटी कुलपात जाते.

मोजणी साधी ठेव. जूनमध्ये आणि हंगामावरून परतल्यावर प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचायला लाव आणि जमलेली पातळी लिही. आयांची परीक्षा चारचौघींत नको. हजेरीपटावर अंगठ्याच्या जागी सही कुठल्या आठवड्यात आली, तेवढं ताईने टिपलं की पुरे.

संचालक मंडळ ‘किती कुटुंबं?’ विचारेल आणि मोठा आकडा मागेल. पहिल्या वर्षी पाच ताया, 25 गट, साधारण 300 ते 375 घरं, यापुढे जाऊ नकोस. ठरावाचा मसुदा झाला की पाठव, तारखा एकदा नजरेखालून घालू.

तुझी मैत्रीण