वाचकांचे सवाल: तीन एकरात कॅरॅव्हॅन पार्क काढायचंय, तीस गाड्या बसतील का?

या खेपेला आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये अर्ध्याहून जास्त प्रश्न टेंट, कॅम्पिंग आणि कॅरॅव्हॅन पार्कचेच (म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाड्या उतरवायच्या जागेचेच) निघाले. समृद्धी इगतपुरीच्या पुढे आमण्यापर्यंत सुरू झाल्यापासून मुंबईची मंडळी शनिवारी दुपारी निघून संध्याकाळच्या चहाला आपल्याकडे नाशिकला पोचतात, त्यामुळे गंगापूर धरणाच्या आजूबाजूला ज्याची म्हणून जमीन आहे त्याच्या डोक्यात हेच चाललंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न (गिरणारे परिसरातून): आमची तीन एकर काळी जमीन आहे. द्राक्षबाग होती, औषधांचा खर्च झेपेना म्हणून काढली. मुलगा म्हणतो कॅरॅव्हॅन पार्क काढू, तीस गाड्यांचं. तीस बसतील का आणि परमिशन कुणाची लागेल?

उत्तर: काका, नुसत्या उभ्या करायच्या तर तीस आरामात बसतील. हिशेब बघा. एका गाडीला पाच बाय दहा मीटरचं पॅड, पुढे खुर्च्या टाकायला जागा, शेजारच्या गाडीपासून निदान तीन मीटर अंतर (एकीला आग लागली तर दुसरीला लागू नये म्हणून, हे अंतर वाचवायचं नाही) आणि आतल्या रस्त्याचा वाटा असं सगळं धरलं तर गाडीमागे अडीच गुंठे जातात. तुमचे एकशेवीस गुंठे, त्यातला तिसरा हिस्सा हद्दीपासूनची मोकळी जागा, झाडं, ऑफिस, संडास-बाथरूम यात गेला तरी ऐंशी उरतात. म्हणजे कागदावर बत्तीस गाड्या.

पण गाड्या किती घ्यायच्या ते गुंठ्यांवर ठरत नाही, सांडपाण्यावर ठरतं, आणि हे कुणी आधी बघतच नाही. तीस गाड्या, गाडीत चार माणसं, माणशी शंभर लिटर पाणी म्हटलं तरी दिवसाला बारा हजार लिटर झालं आणि त्यातलं साधारण ऐंशी टक्के घाण होऊन परत तुमच्याच जमिनीत येणार, म्हणजे साडेनऊ हजार लिटर, तेही दर शनिवार-रविवारी एकदम. काळी जमीन ते पिणार नाही. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसाल्टचा खडक, शोषखड्डा भरला की पाणी आडवं सरकतं आणि शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं.

म्हणून आर्किटेक्टकडे जायच्या आधी एक काम स्वतः करा, त्याला फी लागत नाही. जिथे शोषखड्डा घ्यायचा विचार आहे तिथे तो जेवढा खोल असेल तेवढ्या खोलीवर वीतभर रुंद चौकोनी खड्डा खणा, तळाला दोन बोटं बारीक खडी टाका, पाणी भरा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी परत थोडं पाणी भरून त्यात पट्टी उभी धरा आणि पाणी २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, खाली जायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासाच्या आत गेलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खड्डा नको, लांब चर घेऊन पाणी पसरवावं लागेल. तासाच्या वर गेलं तर ती जमीन सोडा, तिथे छोटा ट्रीटमेंट प्लांट घालूनच पुढे जाता येईल आणि मग खर्चाचं गणित पार बदलतं. ही टेस्ट उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात करू नका हं, भेगांतून पाणी भुर्रकन जातं आणि माणूस फसतो. आणि खड्डा कुठल्याही विहिरीपासून, बोअरपासून किमान १८ मीटर लांब, तुमच्याच नाही तर बांधापलीकडच्यासुद्धा.

आठ गाड्यांनी सुरुवात केली तर हेच सांडपाणी दिवसाला अडीच हजार लिटरवर येतं, ते सेप्टिक टँक आणि चरांवर सांभाळता येईल. मुलाला राग आला तरी चालेल, आठच करा, बाकीच्या रानात भाजीपाला लावा.

अजून एक, कॅरॅव्हॅनच्या संडासच्या टाकीत काही लोक वास घालवायला केमिकल टाकतात, फॉर्मल्डिहाइडवालं असलं तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणूच मारून टाकतं आणि टाकी नुसती साठवणीची होते. म्हणून गाड्यांची घाण रिकामी करायला वेगळी जागा करा: उताराचा काँक्रीट ओटा, मधे झाकणाचं तोंड, शेजारी धुवायला नळ आणि त्या नळावर मोठ्या अक्षरात ‘पिण्यासाठी नाही’. त्या घाणीची टाकीही वेगळीच ठेवा आणि मैला उपसणाऱ्या टँकरला तिथपर्यंत येता येईल एवढा रस्ता सोडा.

आता परमिशन. पहिलं सातबारा नीट वाचा. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी अटींवरची जमीन) असेल तर कलेक्टर ऑफिसशिवाय हलता येत नाही. शेजारची आदिवासी खातेदाराची जमीन भाड्याने घेऊन पार्क वाढवू असं मनात असेल (त्र्यंबक, पेठ, दिंडोरी, इगतपुरीकडे सर्रास चालतं) तर ते आत्ताच काढून टाका, महसूल संहितेच्या कलम ३६ अ खाली बिगर आदिवासीला भाडेपट्टासुद्धा मंजुरीशिवाय घेता येत नाही. नोटरीच्या कागदाला तिथे रद्दीची किंमत. मग गट नंबर घेऊन एनएमआरडीएकडून (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला काढा आणि शेती झोन निघाला तर युडीसीपीआरमध्ये (राज्याची बांधकामाची एकत्रित नियमावली) त्या झोनात पर्यटनाचं काय आणि किती बसतं, रस्ता किती रुंद लागतो हे लायसन्सवाल्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे, कृषी पर्यटन धोरण २०२० चं, दोन्हीची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते आणि ती जरूर करा, पण ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असं नाही. ही गफलत फार लोक करतात. आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण कोण म्हणतंय) तोंडी ‘काही होत नाही’ म्हणाला तर ते धरू नका.

प्रश्न (कॉलेज रोडहून): माझा भाचा टेक्सासला असतो. त्याने तिथल्या आरव्ही पार्कचा (कॅरॅव्हॅनला तिकडे आरव्ही म्हणतात) अख्खा नकाशा पाठवलाय, मोजमापांसकट. तोच इथे वापरला तर चालेल का?

उत्तर: ताई, नकाशा छान असणार, त्यांना या धंद्याचा अनुभव मोठा आहे. पार्क कसं असावं याचं वेगळं स्टँडर्डच आहे त्यांच्याकडे, एनएफपीए ११९४, शिवाय वायरिंगच्या कोडमध्ये आरव्हीसाठी अख्खं प्रकरण आहे, ५५१ नंबरचं. वर बऱ्याच ठिकाणी काउंटीचे (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे) नाहीतर शहराचे स्वतःचे झोनिंगचे नियम, एकरी किती गाड्या, एका गाडीने जास्तीत जास्त किती दिवस राहायचं, हद्दीवर झाडांचा पट्टा किती. हे शेवटचं मला फार पटतं, आपल्याकडे पण करायला हवं. पण जसाच्या तसा नकाशा नको, तीन कारणं आहेत.

पहिलं कारण ऐकून भाचा हसेल. तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते म्हणून गाडीचं दार उजव्या अंगाला आणि वीज-पाणी-घाणीची जोडणी डाव्या अंगाला. आपल्याकडे बरोबर उलटं, टेम्पो ट्रॅव्हलरचं दार डावीकडे. तो नकाशा तसाच आखला तर माणूस दार उघडून थेट सांडपाण्याच्या पाइपावर उतरेल आणि खुर्च्या-टेबल शेजाऱ्याच्या मीटरसमोर लागतील. नकाशा उलटा करून घ्या, आरशात दिसतो तसा, तिरक्या पार्किंगचा कोन पण त्याबरोबर फिरेल.

दुसरं साइज. तिथल्या मोठ्या आरव्ही ४५ फुटांपर्यंत जातात, म्हणजे जवळपास पावणेचौदा मीटर, त्यासाठी ते सरळ आत शिरून सरळ बाहेर निघायच्या लांबलचक जागा करतात. आपल्याकडे बहुतेक कॅरॅव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर मिनीबसवर बांधलेल्या असतात, त्यांना रिव्हर्स घ्यायची दहा मीटरची जागा पुरते. रस्ता एकेरी ठेवा, साडेतीन मीटरचा, वळणावर मात्र मोकळा सोडा, आणि आंब्याच्या फांद्या साडेतीन-चार मीटर उंचीपर्यंत छाटा, गाडीच्या टपावर एसी असतो.

तिसरं वीज. नकाशात ५० अँपिअरचे पॉइंट दिसले असतील. त्यांचं ५० अँपिअर २४० व्होल्टवर बारा किलोवॉट होतं, एवढं आपल्या एका गाडीला लागत नाही. गंमत अशी की त्यांचा दुसरा पॉइंट असतो ३० अँपिअरचा, १२० व्होल्टवर, तो होतो ३.६ किलोवॉट, आणि आपला साधा १६ अँपिअरचा २३० व्होल्टवर ३.६८. म्हणजे काम तेवढंच. तेव्हा गाडीमागे एक १६ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट, पावसात चालेल अशा झाकणाच्या बॉक्समध्ये, जमिनीपासून गुडघ्याच्या वर, आणि प्रत्येक सॉकेटला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच). सगळ्यांना मिळून एकच लावायचा नाही, एकाची गाडी ओली झाली की आठही अंधारात. अर्थिंग वायरमनवर सोडू नका, मीटर लावून आकडा दाखव म्हणावं.

आणि हे भाच्याला माहीत नसणार: शेतीपंपाच्या कनेक्शनवर हे चालवायचं नाही. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर होतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडून वेगळं थ्री फेज कमर्शियल घ्या.

प्रश्न (गंगावऱ्हे-सावरगाव बाजूने): उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आमच्या शेताखाली मोकळी जमीन पडते, तिथे आम्ही गाळपेर करतो. तिथेच पाण्याला लागून टेंट लावले तर? पक्कं बांधकाम काहीच नाही.

उत्तर: नाही. ती जमीन संपादित झालेली आहे, जलसंपदा खात्याची आहे, तुम्हाला गाळपेर मिळते ती पिकासाठी. टेंट कच्चा आहे की पक्का हा मुद्दाच नाही तिथे. आणि हे पाणी अख्खं नाशिक पितं, टेंटवाल्यांचा संडास त्या काठावर कुठे करणार आहात तुम्ही?

वरच्या मालकीच्या जमिनीत करा, पूर्ण भरलेल्या धरणाची पाणीपातळी कुठवर येते त्याची खूण खात्याकडून दाखवून घ्या आणि तिथून किती अंतर सोडायचं तेही लेखी विचारा. नदीकाठी ज्यांची जमीन आहे त्यांनी पूररेषेचा नकाशा बघावा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत काही करायचं नाही, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, निळी आणि लालच्या मधे अटी असतात. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला (गोदावरीचा पूर आपण तिच्यावरच मोजतो) पाणी लागलं की खालच्या अंगाला चांदोरी-सायखेड्यात काय होतं ते तिकडच्या लोकांना विचारा, आणि तो पूर अंधारात, झोपलेल्या पर्यटकांच्या टेंटमध्ये शिरतोय असं धरून मग जागा ठरवा.

प्रश्न (आडगावहून): २०२७ च्या सिंहस्थात आमच्या मोकळ्या प्लॉटवर बाहेरून येणाऱ्या कॅरॅव्हॅनसाठी तात्पुरती सोय करता येईल का?

उत्तर: येईल, पण तात्पुरत्या वापराचीही परवानगी लागते. आडगाव महापालिका हद्दीत आहे म्हणजे महापालिका, आणि कुंभमेळा प्राधिकरणाचं ट्रॅफिकचं नियोजन काय आहे ते बघून मगच अर्ज करा, नाहीतर पर्वणीला तुमच्या रस्त्यावर गाडीच सोडणार नाहीत. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पावसात. काळ्या मातीत मिनीबस रुतली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आधीच्या उन्हाळ्यात माती फूटभर काढून सोलिंग (दगडांचा थर), वर मुरूम, रोलर, आणि पॅडला शंभरात एक-दोनचा उतार, एवढं करून ठेवा. जास्त उतार नको, गाडीत झोपलेला माणूस भिंतीला जाऊन लागतो.

प्रश्न (इगतपुरी तालुक्यातून): आमच्या शेजारी टेंटवाले आलेत. रात्री दोनपर्यंत डीजे, सकाळी ओढ्यात घाण. तक्रार कुठे करू? आम्हाला धंदा बंद पाडायचा नाही, आमचीच दोन पोरं तिथे कामाला आहेत.

उत्तर: मग तक्रारीच्या आधी ग्रामपंचायतीत बसून बोला, तुमचं म्हणणं रास्त आहे. स्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालापासूनचा नियम आहे, ऐकलं नाही तर त्याच वेळी ११२ ला फोन लावा, दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग नाही. ओढ्याचं मात्र मनावर घ्या. कुठल्या पाइपातून घाण येते त्याचे तारीख दिसेल असे फोटो काढा, ग्रामपंचायतीला अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्याची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या ऑफिसला पाठवा. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उथळ शोषखड्डे जूनमध्येच भरून वाहतात, तेव्हा त्यांना पावसाळ्यापुरती बंद टाकी ठेवून टँकरने उपसायला लावा, हा तोडगा मालकालाही परवडतो कारण पावसाळ्यातच त्याचा सीझन असतो. कामाला असलेल्या पोरांना एक बघायला सांगा, टेंटच्या आत कोळशाची शेगडी कुणी नेत नाही ना, आणि गॅसची टाकी घरगुती लाल आहे की कमर्शियल निळी. लाल असेल तर मालकाशी बोलताना हेही हळूच काढा, बाकीचं तो पटकन ऐकेल.