लेडली किंग खरंच सराव न करता खेळायचा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. लेडली किंग आठवडाभर सराव न करता थेट सामन्यात उतरायचा, ही दंतकथा आहे का? आणि इंग्लंडकडून जेमतेम 21 सामने खेळलेल्या बचावपटूचं टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचे चाहते एवढं कौतुक का करतात? मी त्यांच्यातलाच आहे, त्यामुळे उत्तर जरा एकतर्फी असणार, हे आधीच कबूल.

दंतकथा अजिबात नाही. त्याच्या एका गुडघ्यातली गादी जवळजवळ संपली होती, हाडावर हाड घासायचं. सामना झाला की गुडघा सुजायचा आणि सूज उतरेपर्यंत पुढचा सामना दाराशी. मग मधले दिवस पोहण्याचा तलाव आणि जिम, बाकीचे खेळाडू मैदानावर. हॅरी रेडनॅप 2008 मध्ये प्रशिक्षक म्हणून आला आणि त्याने हे सरळ मान्य करून टाकलं: सराव नको, खेळता येईल तेव्हा खेळ. शनिवारी संघ जाहीर झाला की आम्ही आधी किंगचं नाव शोधायचो. ते दिसलं की निम्मी काळजी मिटायची.

पण 'दुखऱ्या पायाने लढला' एवढंच सांगून लोक थांबतात, ते मला पटत नाही. जिद्द असलेले पुष्कळ असतात. सराव नसताना प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या, स्ट्रायकरपुढे टिकायचं तर चेंडू कुठे येणार हे आधी कळावं लागतं. किंग ओढाओढी, शर्ट धरणं असलं काही करायचा नाही. अलगद पाय घालून चेंडू काढून घ्यायचा. आर्सेनलचा थिएरी ऑन्री, म्हणजे कट्टर शत्रूच, यानेसुद्धा नेमकं याच गोष्टीसाठी त्याला जाहीरपणे नावाजलं होतं. चेल्सीचा आर्येन रॉबेन गोलकडे एकटा सुसाट निघाला असताना किंगने मागून धावत येऊन केलेला टॅकल यूट्यूबवर शोधा. रॉबेनला मागून गाठायचं, आणि तेही फाउल न करता!

तरुणपणी तो मिडफिल्डमध्येही खेळायचा. डिसेंबर 2000 मध्ये ब्रॅडफर्डविरुद्ध त्याने साधारण 10 सेकंदांत गोल केला. प्रीमियर लीगमधला तो सर्वांत वेगवान गोल 2019 पर्यंत टिकला, मग शेन लाँगने मोडला. विक्रम बचावपटूच्या नावावर, ही गंमतच. 2001 मध्ये आमचा बचावपटू सोल कॅम्पबेल आर्सेनलला गेला (ती जखम वेगळी, त्यावर नको बोलायला) आणि बचावाचा भार या पोरावर आला.

इंग्लंडचं म्हणाल तर जॉन टेरी आणि रिओ फर्डिनंड हे सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, असताना जागाच कुठे होती? तरी युरो 2004 मध्ये टेरी जायबंदी होता म्हणून फ्रान्सविरुद्ध हा उतरला, शेजारी तोच कॅम्पबेल, समोर तोच ऑन्री. इंग्लंड 2-1 हरलं, पण झिदानचे दोन्ही गोल जादा मिनिटांत, एक फ्री किकवर आणि एक पेनल्टीवर. किंग सुंदर खेळला होता. 2010 च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध मात्र अर्ध्या वेळेलाच जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला, आणि इंग्लंडसाठी तेवढंच.

करंडक म्हणाल तर कर्णधार म्हणून एकच: 2008 चा लीग कप, वेम्बलीवर चेल्सीला 2-1. शेवटी त्याने आणि सहकारी रॉबी कीनने मिळून उचलला. याशिवाय 2009-10 मध्ये संघ चौथा येऊन चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेला पात्र ठरला, त्यात त्याचा वाटा मोठा होता.

जुलै 2012 मध्ये 31 व्या वर्षी तो थांबला. मे 1999 च्या पदार्पणापासून लीगमध्ये 268 सामने, सगळे एकाच क्लबकडून. 13 हंगामांत प्रत्येकी 38 धरले तर निम्म्याहून जरा जास्त. त्यामुळे टेरीपेक्षा मोठा होता का, असं कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. टेरी दर आठवड्याला मैदानात असायचा. पण एकाच सामन्यासाठी एक सेंटर बॅक निवडायचा असेल आणि गुडघा त्या दिवशी बरा असेल, तर मी किंगलाच घेईन.