शेवटी 'ली' आहे म्हणून अ‍ॅडव्हर्ब?

प्रश्न : नमस्कार ताई, माझी मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्लिश. क्लासमध्ये सांगितलंय की शब्दाच्या शेवटी 'ली' आलं की तो अ‍ॅडव्हर्ब. मग 'फ्रेंडली'ला चूक का दिली? आणि 'फास्ट'ला तर 'ली' नाहीच, तरी तो अ‍ॅडव्हर्ब कसा काय? मलाच समजावता येईना.
– एक आई, कोथरूड

उत्तर : नमस्कार. तो 'ली'चा नियम अर्धाच आहे आणि मुलं नेमकी त्याच्यावरच विसंबून राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्लो, क्विक, केअरफुल अशा विशेषणांना (अ‍ॅडजेक्टिव्हना) 'ली' लागलं की बहुतेक वेळा क्रियाविशेषण, म्हणजे अ‍ॅडव्हर्ब होतं, पण फ्रेंड, कॉस्ट, लव्ह अशा नामाला लागलं तर होतं विशेषणच, म्हणून फ्रेंडली, कॉस्टली, लव्हली ही सगळी विशेषणं.

त्यामुळे शेपूट बघायचं नाही, शब्द कोणाबद्दल बोलतोय ते बघायचं. 'अ फास्ट बस' म्हटलं तर फास्ट बसबद्दल बोलतोय, म्हणजे अ‍ॅडजेक्टिव्ह, आणि 'द बस वेंट फास्ट' म्हटलं तर जाण्याबद्दल, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. लेट, हार्ड, अर्ली पण तसेच. फक्त हार्डला उगाच 'ली' लावू देऊ नका हं, 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेम काहीतरी करतो, पार उलटं होतं! 'लेटली'चा अर्थ पण उशिरा नाही, अलीकडे.

आपल्या मुलांची खरी गोची होते गुड आणि वेलमध्ये, कारण मराठीत आपण 'चांगली मुलगी' पण म्हणतो आणि 'ती चांगली गाते' पण म्हणतो, दोन्हीकडे चांगलीच, मग पोरं सरळ 'शी सिंग्ज गुड' लिहून मोकळी होतात. तिथे 'वेल' हवं, कारण गाण्याची क्रिया कशी ते सांगायचंय.

आता हे पाठ झालं की मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि 'द मिसळ टेस्ट्स वेल' लिहितात, तेही चूक. टेस्ट, स्मेल, लुक, फील, साउंड या क्रियापदांच्या जागी 'इज' ठेवून बघायला सांगा. 'द मिसळ इज गुड', अर्थ लागतो ना? मग 'टेस्ट्स गुड'च बरोबर, कारण गुड मिसळीबद्दल आहे. पण 'आई टेस्टेड द मिसळ केअरफुली' यात 'इज' घालून वाक्यच बसत नाही, कारण इथे आई स्वतः चव बघतेय, तर केअरफुली बरोबर.

घरी इंग्रजी पेपर येत असेल तर त्यातली रोज एकच बातमी घ्या आणि फास्ट, गुड, वेलसारख्या प्रत्येक शब्दापासून तो ज्याच्याबद्दल आहे त्या शब्दापर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावा. बाण नामाकडे किंवा सर्वनामाकडे गेला तर अ‍ॅडजेक्टिव्ह, क्रियापदाकडे गेला तर अ‍ॅडव्हर्ब. बाण दुसऱ्या विशेषणाकडे जाईल तेव्हाही अ‍ॅडव्हर्बच, जसं 'रिअली टेस्टी'मधलं रिअली, हे शाळेत घाईघाईत सुटून जातं. आणि 'आय अ‍ॅम वेल' दिसलं तर तिला चूक म्हणू नका, तब्येत बरी आहे या अर्थाने तिथे वेल विशेषणच असतं.