स्मॅश ब्रदर्समध्ये सॉलिड स्नेक बंदूक का वापरत नाही?

'मेटल गिअर' या व्हिडिओ गेममधला सॉलिड स्नेक हा एवढा कसलेला सैनिक 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या निन्टेन्डोच्या मारामारीच्या खेळात आला, तर त्याचं पिस्तूल कुठे गेलं, असं तुम्ही विचारलंय. ते मुद्दामच काढून घेतलं होतं. खऱ्यासारख्या बंदुका आणि सुरे स्मॅशच्या दुनियेत शोभत नाहीत, म्हणून या मालिकेच्या २००८ च्या 'ब्रॉल' या भागात दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी त्याच्या हाती स्फोटकं दिली. फॉक्स या दुसऱ्या पात्राचा ब्लास्टर (किरणांची बंदूक) चालतो, कारण तो उघडच काल्पनिक आहे. स्नेकची बंदूक मात्र थेट युद्धभूमीवरची वाटली असती.

माझ्या मते या बंधनामुळेच स्नेक इतका वेगळा उतरला. त्याच्याशी लढताना निम्मं लक्ष जमिनीकडे ठेवावं लागतं. सी-फोर हे स्फोटक तो फरशीवर लावतो, नाहीतर सरळ तुमच्या अंगाला चिकटवतो आणि हवं तेव्हा उडवतो. हातबॉम्ब टाकला तर तो उचलून तुम्ही त्याच्यावरच उलटा फेकू शकता, त्यामुळे त्यालाही वेळेचं गणित सांभाळावं लागतं. 'निकिता' क्षेपणास्त्र तर थेट १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'मधून आलंय. तिथे वीज सोडलेली फरशी बंद करायला ते वळवत वळवत आत न्यावं लागायचं. इथेही ते तुम्हीच वळवायचं, पण तोवर स्नेक एका जागी बसून राहतो आणि पाठीमागून कुणीही येऊन त्याला झोडपू शकतं. मूळ खेळातला धोका नेमका पकडलाय! वर जायला तो ज्या छोट्या ड्रोनला लटकतो, तो 'सायफर'ही 'मेटल गिअर सॉलिड २'मधलाच.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. स्नेकला घ्या म्हणून खुद्द त्याचे जनक हिदेओ कोजिमा साकुराईंच्या मागे लागले होते, तेही आधीच्या 'मेली' या भागाच्या वेळी. पण तो खेळ तेव्हा बराच पुढे गेला होता, म्हणून राहिलं. मग 'ब्रॉल'मध्ये स्नेक आला आणि बाहेरच्या कंपनीचं खेळता येणारं, स्मॅशसाठी जाहीर झालेलं ते पहिलंच पात्र ठरलं. त्यातल्या कथेतही तो पुठ्ठ्याच्या खोक्यात लपूनच अवतरतो आणि लुकॅरिओ हे दुसरं पात्र त्याला हुडकून काढतं. चाहत्यांना याहून छान स्वागत काय हवं होतं!

२०१४ च्या भागात तो नव्हता, २०१८ च्या 'अल्टिमेट'मध्ये परतला. तुमच्याकडे तो असेल तर स्नेक घेऊन 'शॅडो मोझेस आयलंड' या मैदानावर खेळा आणि खालच्या टाँटचं (समोरच्याला डिवचण्याच्या हावभावाचं) बटण पटकन टिचकी मारल्यासारखं दाबा. तो गुडघ्यावर बसून कर्नल, ओटाकॉन किंवा मे लिंग या आपल्या साथीदारांशी समोरच्या खेळाडूबद्दल बोलायला लागतो. समोर 'ब्रॉल'च्या काळातलंच पात्र असू द्या, कारण नंतर आलेल्यांसाठी असे संवाद केलेले नाहीत.