कृषी सल्ला : बाटल्या बंद करा, मुरघास भरा

या खेपेला गोठ्याचे प्रश्न जास्त आले. त्यातले सगळ्यांच्या कामाचे तेवढे घेतले आहेत. निम्म्या प्रश्नांत एक वाक्य हमखास आहे, "दुकानदारानं सांगितलं म्हणून दिलं." जनावर तुमचं, पैसा तुमचा, आणि सल्ला मात्र ज्याला माल खपवायचाय त्याचा. हे मी गावोगावच्या सभांत बोलतोच, इथंही पुन्हा पुन्हा बोलणार आहे.

प्रश्न (भुदरगड) : पाच म्हशी, तीन संकरित गायी. घरातली चार माणसं राबतात. दर दहा दिवसाला दुधाचं बिल येतं, पण पेंड आणि औषध वजा जाता हातात काही उरत नाही. दूध कमी नाही. चुकतंय कुठं?

दूध किती येतं ते बिलावर दिसतं. दूध न देणारी जनावरं किती खातात ते कुठल्याच बिलावर दिसत नाही. चूक तिथं आहे. आठातली भाकड किती, ते आधी मोजा. समजा भाकड म्हशीला दिवसाला दीडशे रुपयांची वैरण-पेंड लागते. दोन वेतांतलं अंतर चौदा महिन्यांऐवजी अठरा झालं, तर चार महिन्यांचे अठरा हजार एका म्हशीमागं गेले. एक माज हुकला की एकवीस दिवस, म्हणजे तीन हजारांवर. दर लिटरमागं रुपया वाढावा म्हणून आपण मोर्चाला जातो, आणि हा पैसा गोठ्यातून मुकाट जातो.

दुसरी गळती पेंडेची. सगळ्यांना सारखं एक पाटी आंबोण (भिजवलेली पेंड) घालायची पद्धत सोडा. शरीर चालवायला दीड-दोन किलो, त्यावर म्हशीला दर दोन लिटर दुधाला एक किलो, गायीला दर अडीच लिटरला एक किलो. तीन लिटरवर आलेल्या म्हशीला सहा किलो गोळी पेंड घालून दूध वाढत नाही, शेण वाढतं.

तिसरी गळती औषधाच्या दुकानात. वर्षभराच्या पावत्या एका पिशवीत साठवा आणि दिवाळीला डेअरीकडून दूध फरकाची रक्कम हातात येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघा. बऱ्याच घरांत फरक तिकडंच गेलेला निघतो.

प्रश्न (कागल) : म्हैस व्यायला वीस दिवस आहेत. दुकानदार रोज शंभर मिली कॅल्शियम पाजायला सांगतो. गेल्या वेताला पाजूनही व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली होती. आता डोस वाढवू का?

नाही. वाढवू नका, उलट आजच बंद करा. गेल्या वेताला ती बसली त्यात या बाटलीचा हातभार असू शकतो.

व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत वरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडातलं कॅल्शियम काढून वापरायची शरीराची यंत्रणा मंदावते. व्यायल्यावर चिकातून आणि दुधातून एकदम मोठा उपसा सुरू होतो, तेव्हा ती यंत्रणा वेळेत जागी होत नाही आणि जनावर बसतं. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमची बाटली नाही, कॅल्शियमनं भरलेला लसूणघासही हात राखून. सुकी वैरण, थोडी पेंड, आणि क्षार मिश्रण दवाखान्यात विचारून. बाटलीचा उपयोग व्यायल्यानंतर आहे, तोही जनावर उभं असेल आणि नीट गिळत असेल तरच. हीच बाटली वीस दिवस आधी विकणारा एक तर अडाणी आहे किंवा फार हुशार आहे.

बसलेली म्हैस कशी ओळखायची ते तुम्हाला माहीत आहे : कान गार, नाकपुडी कोरडी, मान वळवून पोटाला लावलेली. अशा वेळी दोन चुका जीव घेतात. पहिली, बसलेल्या जनावराच्या तोंडात बाटली ओतणं. त्याला गिळता येत नाही, औषध श्वासनलिकेत जातं आणि कॅल्शियमनं वाचली असती ती म्हैस न्यूमोनियानं जाते. दुसरी, ओळखीच्या पोराकडून शिरेत कॅल्शियम सोडून घेणं. ते भराभर गेलं तर हृदय जागच्या जागी बंद पडतं. सलाईन हळूहळू, कोमट करून, छातीच्या ठोक्यांवर कान ठेवून द्यायचं असतं, आणि ते काम पशुवैद्यकाचं आहे. डॉक्टर येईपर्यंत एका कुशीवर आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पिंजराची (भाताच्या काडाची) पोती लावून छातीवर बसती ठेवा. उठल्यावर पहिला दीड-दोन दिवस सड पूर्ण निपटून धार काढू नका, रेडकाला चीक मिळेल एवढंच काढा.

प्रश्न (पन्हाळा) : व्याल्याला तीन आठवडे झाले. लघवी कॉफीसारखी लाल. ताप नाही. दुकानातून रक्त थांबायचं इंजेक्शन आणि कॅल्शियम आणलं, फरक नाही.

फरक पडणारच नाही. व्यायल्यावर महिनाभरात, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या दुभत्या म्हशीत, ताप नसताना असं झालं तर पहिला संशय फॉस्फरसच्या कमतरतेचा. ऊस हंगामात नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, आणि पिंजरावर राहिलेल्या गोठ्यात हे मी वारंवार बघतो. रक्त कुठं फुटलेलं नसतं, रक्तातल्या तांबड्या पेशी विरघळत असतात, मग रक्त थांबवायचं इंजेक्शन कशावर काम करणार? पशुवैद्यकाला आजच बोलवा, फॉस्फरस शिरेतून द्यावा लागतो आणि उशीर झाला की म्हैस हातची जाते. पुढं खुराकात गव्हाचा कोंडा आणि दिवसाला पन्नास ग्रॅम चांगलं क्षार मिश्रण. कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो.

संकरित गायीत लाल लघवीबरोबर ताप असेल आणि अंगावर गोचीड असतील, तर गोष्ट वेगळी. तो गोचीडताप असू शकतो, रक्त तपासूनच औषध. आणि गोचिडासाठी उसावर मारायच्या कीटकनाशकाची बाटली गोठ्यात आणू नका. जनावर अंग चाटतं आणि दगावतं.

प्रश्न (करवीर) : म्हशीच्या दुधाचं फॅट सहा टक्क्यांच्या खाली आलं. दुकानदार फॅट वाढवायची पावडर देतोय, घेऊ का?

आधी धार कशी निघते ते बघा. शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असतं. घाईनं अर्धी कास सोडली, किंवा शेवटचा सड रेडकाला दिला, की डेअरीत पातळ दूध जातं. पान्हा आल्यावर सात-आठ मिनिटांत कास पूर्ण रिकामी करा. दुसरं, पावसाळ्यात कोवळं गवत पोटभर आणि सुकी वैरण मुठीभर, असं झालं की फॅट पडतंच. पाच-सहा किलो कडबा किंवा पिंजर रोज पोटात गेलाच पाहिजे. पंधरा दिवस एवढं करा, पावडरचा विषय निघणार नाही.

पान्ह्यासाठी दुकानातून मिळणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मागू नका, देऊ नका, शेजाऱ्याला सांगू नका. जनावराला अपाय करून दूध काढण्यासाठी इंजेक्शन टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि सवय लागलेली म्हैस पुढं त्याशिवाय पान्हाच सोडत नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर पंढरपुरी म्हैस गिऱ्हाइकासमोर, भर वर्दळीत पान्हा सोडते. तुमच्या शांत गोठ्यातली सोडत नसेल तर वेळ बदलते का, माणूस बदलतो का, कुणी दरडावतं का, हे शोधा.

प्रश्न (शिरोळ) : म्हैस तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली, गाभण राहिली नाही. हार्मोनचं इंजेक्शन दुकानात मिळतं.

मिळतं, म्हणून घ्यायचं नसतं. तपासणीशिवाय हार्मोन टोचून माजाचं चक्र आणखी बिघडतं. बहुतेक ठिकाणी दोष वेळेचा असतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, तो रात्री किंवा पहाटे दिसतो. तो ओळखते धार काढणारी वहिनी, दुकानाच्या बाकड्यावर बसलेल्या दाजींना तो दिसत नाही. वहिनींना विचारा आणि तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. सोट, म्हणजे माजावर गळणारा चिकट स्राव, काचेसारखी स्वच्छ असेल तर भरवा. गढूळ किंवा पुवाची असेल तर भरवू नका, आधी उपचार. तीनदा उलटली म्हणजे आता डॉक्टरांनी हात घालून तपासायचं. भरवल्यावर दोन-तीन महिन्यांत गाभण तपासणी करून घ्या, "राहिली असेल" या भरवशावर सहा महिने घालवू नका. आणि गाभण राहिल्याच्या पहिल्या तीन महिन्यांत जंतासाठी अल्बेंडाझोल पाजू नका, गर्भाला धोका असतो. हेही दुकानदार विचारत नाही.

प्रश्न (हातकणंगले) : कारखाने चालू असतात तोवर वाडं मिळतं. एप्रिलपासून वैरण विकत. काय लावावं?

लावण्यापेक्षा साठवा. माझं म्हणणं एकच, मुरघास, म्हणजे कुट्टी करून हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. वाडं पोट भरतं, पण त्यात प्रथिनं कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. म्हणून वाड्याच्या जोडीला सुकी वैरण आणि थोडा द्विदल चारा हवा. दुभत्या जनावराला वाडं एकूण वैरणीच्या निम्म्याहून जास्त नको, आणि घालाल ते कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून.

उसाचा खोडवा मोडून रिकामा झालेला एक एकर धरा. डिसेंबरात मका टाका, मार्चमध्ये कापा. आठ जनावरांना रोज पंधरा किलो धरलं तर चार महिन्यांना साडेचौदा टनाच्या आसपास लागतं. मका नीट आली तर एकरभरातून एवढं निघतं. कापायची वेळ दाण्यावरून ठरवा : नखानं दाबल्यावर दाणा दुधाळ आणि पिठाळ यांच्या मधला हवा. मका कोवळी असताना कापली तर पाणी जास्त होतं आणि मुरघास सडतो, वाळू दिली तर दाबत नाही आणि बुरशी येते. कुट्टी मुठीत आवळा. गोळा राहिला, तळहात ओला झाला पण पाणी ठिबकलं नाही, की भरायला घ्या. पिशवी असो की खड्डा, थरागणिक तुडवा. इथं आळस केला की सगळं गेलं. मी बघितलेले बिघडलेले मुरघास बहुतेक तुडवायच्या कंटाळ्यानं बिघडलेले होते. एका घनमीटरात पाच-सहाशे किलो बसलं पाहिजे. वरून कागद, कागदावर माती, आणि पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही.

उघडल्यावर आंबूस, लोणच्यासारखा वास हवा. काळं, बुरशीचं टाकून द्या, म्हशीला "थोडं चालतं" असं काही नसतं. पहिल्या आठवड्यात चार-पाच किलोपासून सुरुवात, मग वाढवा. मक्याच्या मुरघासाला कल्चरची (आंबवणाऱ्या जिवाणूंची) पुडी लागत नाही. दुकानदार देणारच, घेऊ नका. युरियाही मनानं मिसळू नका.

योजनांबद्दल : पशुपालनासाठीचं किसान क्रेडिट कार्ड बँकेत मागा, जनावरं आणि डेअरीची बिलं दाखवा. लाळ्या-खुरकताची लस सरकारी मोहिमेत मोफत आहे, चुकवू नका. चार ते आठ महिन्यांच्या रेडी-कालवडीला ब्रुसेलोसिसची लस एकदाच. कानात बारा अंकी बिल्ला असू द्या. फिरत्या दवाखान्यासाठी 1962 वर फोन करा, आणि म्हैस बसली असेल तर तो फोन दुकानात जायच्या आधी करा.